सिकॅमोरच्या पायऱ्यांवरची नावे

लंडनच्या नैर्ऋत्येला बार्न्स नावाचे उपनगर आहे. तिथे क्वीन्स राइड हा रस्ता रेल्वेच्या रुळांवरचा एक लहानसा, मध्ये उंचावलेला पूल ओलांडतो आणि लगेच किंचित वळतो. त्या वळणाच्या कडेला, जिप्सी लेनकडे उतरणाऱ्या बांधावर, सिकॅमोरचे एक झाड उभे आहे. झाड म्हणून त्यात वेगळे काही नाही. या शहरात सिकॅमोर जागोजागी आहेत आणि शरद ऋतूत त्यांच्या पंखवाल्या बिया भिरभिरत साऱ्या पदपथांवर पडतात. तरीही या एका झाडापाशी बाराही महिने कोणी ना कोणी ताजी फुले, हाताने लिहिलेली पत्रे, प्लास्टिकच्या पिशवीत जपून घातलेली छायाचित्रे आणि रंगीत पिसांच्या माळा ठेवून जाते. सप्टेंबरच्या मध्यात तर झाडाचा बुंधा दिसत नाही इतकी गर्दी या वस्तूंची होते.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी पहाटे जांभळ्या रंगाची एक मिनी मोटार या पुलावरून उतरली, रस्ता सोडून कुंपणाच्या खांबावर आदळली आणि मग या झाडाशी येऊन थांबली. गाडी ग्लोरिया जोन्स ही अमेरिकन गायिका चालवीत होती. तिच्या शेजारी तिचा जोडीदार, टी. रेक्स या इंग्लिश रॉक बँडचा गायक आणि गिटारवादक मार्क बोलन बसला होता. मेफेअरमधल्या एका क्लबातून दोघे घरी निघाले होते आणि ईस्ट शीनमधले त्यांचे घर तिथून जेमतेम मैलभर उरले होते. ग्लोरिया गंभीर जखमी झाली, पण वाचली. बोलन जागीच गेला. तिसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर आला होता. स्वतः तो गाडी चालवायला कधीच शिकला नव्हता.

मी पुण्यात वाढले. आमच्या घरी पाश्चात्य संगीत म्हणजे दूरचा शेजारी होता: तो आहे हे ठाऊक, पण येणे-जाणे नाही. पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी आम्हाला ‘आपल्या’ भूगोलातला म्हणून माहीत होता, आणि त्याच्या आधी दोन-तीन वर्षे इंग्लंडमध्ये पुरुषाने डोळ्यांखाली चमकी लावून, सॅटिनचे कपडे घालून गाण्याची वाट कोणी मोकळी केली होती, हे मात्र ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. नोकरीसाठी लंडनला आल्यावर पुटनीत ज्या घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतला, त्या घराच्या मालकीणबाईंच्या बैठकीत खिडकीखाली जुन्या रेकॉर्ड्सची एक लाकडी पेटी होती. पहिल्याच हिवाळ्यात एका संध्याकाळी त्यांनी त्यातली एक काढली. काळ्याभोर वेष्टनावर सोनेरी कडांनी उजळलेली एका गिटारवाल्याची आकृती होती आणि त्याच्या मागे तेवढाच उजळलेला उंच स्पीकर. टी. रेक्सचा ‘इलेक्ट्रिक वॉरियर’, सप्टेंबर १९७१. ही माझी बोलनशी पहिली ओळख. त्यानंतर दर सप्टेंबरमध्ये बाईंबरोबर चालत त्या झाडापाशी जाणे हा माझ्याही वर्षाचा भाग झाला.

बाईंना एक थोरली बहीण होती, सात वर्षांनी मोठी. या दोन बहिणींनी एकाच माणसावर जीव लावला. पण दोघींचे बँड निरनिराळे होते. हे मला समजायला वेळ लागला. आणि ते समजल्याखेरीज झाडापाशी येणाऱ्या माणसांचे आपसांतले नातेही कळत नाही.

थोरलीचा बँड टिरॅनोसॉरस रेक्स. १९६७ साली बोलनने तो स्टीव्ह पेरेग्रिन टुक या तरुणाबरोबर सुरू केला. त्याआधीचा बोलनचा प्रवासही विलक्षण होता. लंडनच्या हॅकनी भागातला, ज्यू वडिलांचा मार्क फेल्ड हा मुलगा. वडील ट्रक चालवीत, आई सोहोतल्या बेरविक स्ट्रीटच्या बाजारात ठेला सांभाळी. नवव्या वर्षी हाती गिटार आली, आणि अंगावरच्या कपड्यांविषयी तो इतका काटेकोर होता की वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपासच त्याचे छायाचित्र ‘टाउन’ या मासिकात छापून आले. जॉन्स चिल्ड्रेन नावाच्या एका बँडमध्ये काही महिने काढल्यावर त्याने वीज सोडली आणि टुकला घेऊन तो जमिनीवर मांडी घालून गाऊ लागला. बोलनच्या हाती साधी गिटार, टुकच्या पुढ्यात बोंगो हे जोडढोल. गाण्यांत जादूगार, एकशिंगे घोडे, नावे नसलेली राज्ये. टुकने आपले नावसुद्धा टॉल्किनच्या कादंबरीतून उचललेले होते. जॉन पील या रेडिओ निवेदकाने त्यांना उचलून धरले, टोनी व्हिस्कॉन्टी या तरुण अमेरिकन निर्मात्याने त्यांची रेकॉर्ड केली, आणि १९६८ च्या त्या पहिल्या अल्बमचे नाव इतके लांब होते की ते अचूक म्हणून दाखवणे ही चाहत्यांमधली एक ओळखीची खूण बनली. थोरली बहीण ते एका श्वासात म्हणत असे, असे बाई सांगतात.

ते अल्बम मी नंतर पुष्कळ वेळा ऐकले आहेत. बोलनचा आवाज त्यांत थरथरता, जवळजवळ बकरीच्या आवाजासारखा येतो आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो खटकतो. पण त्याच्या वर आणि बाजूने टुकचा आवाज फिरत राहतो, कधी सावलीसारखा, कधी दुसऱ्याच प्राण्यासारखा, आणि मग त्या थरथरीला एक अवकाश मिळतो. टुक काढला तर ती गाणी अर्धी होतात. थोरलीचे म्हणणे हेच होते आणि त्यात तिच्या वयाचा हट्ट कमी, कान जास्त होता असे मला वाटते.

टुकला स्वतःची गाणीही त्यात हवी होती. बोलनला ते मान्य नव्हते. १९६९ च्या अमेरिका दौऱ्यानंतर दोघे वेगळे झाले आणि त्या जागी मिकी फिन आला, देखणा, कोंगा वाजवणारा. पुढच्या वर्षी बोलनने पुन्हा विजेची गिटार पुढे घेतली, नावाची लांबी कापून ते टी. रेक्स केले आणि ऑक्टोबर १९७० मध्ये ‘राइड अ व्हाइट स्वॉन’ हे अडीच मिनिटांचेही नसलेले गाणे आणले. ते हळूहळू चढत जानेवारी १९७१ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोचले. थोरल्या बहिणीने ती रेकॉर्ड घेतली नाही.

धाकटीचा बँड तिथून सुरू होतो. बाई तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या. फेब्रुवारी १९७१ मध्ये इंग्लंडने जुने शिलिंग-पेन्स सोडून दशमान चलन स्वीकारले, आणि नव्या नाण्यांत मिळालेला पहिला हातखर्च त्यांनी ‘हॉट लव्ह’साठी राखून ठेवला. मार्चमध्ये बोलन ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या बीबीसीच्या कार्यक्रमात ते गाणे घेऊन आला. चेलिटा सेकुंडा या त्याच्या वेशभूषाकार मैत्रिणीने त्याच्या डोळ्यांखाली गालांवर चमकी लावली होती. घराघरांतल्या दूरचित्रवाणी संचांवर, आई-वडिलांच्या देखत, कुरळ्या केसांचा एक कोवळा पुरुष चमचमत्या गालांनी हसत होता. ग्लॅम रॉकचा, म्हणजे झगमगत्या वेषातल्या रॉक संगीताचा आरंभ पुष्कळ जण त्या संध्याकाळपासून मोजतात. बाईंच्या वडिलांनी संच बंद केला नाही, पण ते उठून परसात गेले. शाळेत दुसऱ्या दिवशी दोन मुलींच्या गालांवर नाताळच्या शुभेच्छापत्रांवरून खरवडून काढलेली चमकी होती; त्यांतल्या एक आमच्या बाई.

‘हॉट लव्ह’ सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. पुढच्या दोन वर्षांत जे घडले त्याला बी. पी. फॅलन या प्रसिद्धीप्रमुखाने ‘टी. रेक्स्टसी’ असा शब्द दिला. १९७० च्या अखेरीपासून १९७३ पर्यंत एकामागून एक आलेली त्यांची नवी दहा गाणी पहिल्या पाचांत गेली. त्यांतली चार पहिल्या क्रमांकावर, चार दुसऱ्या. आकड्यांपेक्षा मला त्या गाण्यांची घडण अधिक बोलकी वाटते, म्हणून ‘गेट इट ऑन’वर थोडे थांबते.

जुलै १९७१ मधले हे गाणे पहिल्यांदा ऐकताना वाटते की यात काहीच नाही: एक साधी, रांगती, पुन्हापुन्हा येणारी गिटारची चाल, आणि कानाशी कुजबुजल्यासारखा आवाज. पण बाईंनी मला ते कसे ऐकायचे हे शिकवले. एका संध्याकाळी त्यांनी सांगितले की बोलनकडे अजिबात लक्ष देऊ नकोस, खाली स्टीव्ह करी काय करतो आहे ते ऐक. करी बास गिटार वाजवीत असे. १९७० च्या अखेरीस तो आला. त्याचे स्वर गिटारच्या चालीला चिकटून चालतात आणि नेमक्या क्षणी एखादे पाऊल बाजूला टाकतात, त्यामुळे ती रांगती चाल डुलू लागते. मग बिल लेजंडचा ड्रम ऐक, त्या म्हणाल्या. तो कधीही घाई करत नाही, किंचित मागे रेलून बसल्यासारखा वाजवतो. मिकी फिनचे कोंगा जेमतेम ऐकू येतात, पण त्यांच्यामुळे साऱ्या गाण्याला ऊब आहे. वरून हॉवर्ड केलन आणि मार्क व्होलमन यांचे उंच पट्टीतले स्वर, इयन मॅकडोनल्डचा सॅक्सोफोन, आणि पियानोच्या पट्ट्यांवरून झर्रकन घसरत जाणारा रिक वेकमनचा हात, ज्याला त्या कामाचे अगदी मोजके पैसे मिळाले. या सगळ्याला एकत्र बांधणारा व्हिस्कॉन्टी. एवढी माणसे मिळून चार-साडेचार मिनिटांचा हा सोपेपणा उभा करतात. बोलन त्याच्या मधोमध आहे, आणि त्याच्याखेरीज ते होऊच शकले नसते. पण तो एकटा नाही.

याच गाण्यावरून जॉन पील आणि बोलन यांची जुनी मैत्री विटली. पीलला ते आवडले नाही आणि त्याने ते लपवले नाही. अनेक जुन्या चाहत्यांनाही ती प्रतारणा वाटली, आणि बाईंच्या घरात तर एकाच खोलीत दोन पलंगांच्या मधून सीमारेषा आखली गेली: एका भिंतीवर मेणबत्तीच्या उजेडातले बोलन आणि टुक, दुसऱ्या भिंतीवर सॅटिनच्या कोटातले चौघे.

१८ मार्च १९७२ रोजी वेम्बलीच्या एम्पायर पूलमध्ये टी. रेक्सचे एकाच दिवशी दोन कार्यक्रम झाले. पंधरा वर्षांच्या मुलीला एकटीला पाठवायला आई-वडील तयार नव्हते, म्हणून थोरलीला बरोबर जावे लागले. तिने तोंड वाकडे करून होकार दिला आणि दुपारच्या कार्यक्रमाला दोघी गेल्या. बीटल्सचा ड्रमवादक रिंगो स्टार त्या दिवशी चित्रीकरण करत होता. त्याचा चित्रपट त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये आला. बाई सांगतात की किंकाळ्यांमुळे पहिली काही मिनिटे गाणे ऐकूच आले नाही, छातीवर फक्त बासचा दाब जाणवत होता. मग मध्येच बोलन साधी गिटार घेऊन एकटा खाली बसला आणि जुन्या पद्धतीने गाऊ लागला. किंकाळ्या थांबल्या नाहीत. त्यांनी शेजारी पाहिले तर थोरली बहीण रडत होती. का, ते तिने पुढे कित्येक वर्षे सांगितले नाही. शेवटी एकदा म्हणाली, त्याच्या शेजारची जागा रिकामी होती म्हणून.

उतार चढणीइतकाच वेगाने आला, आणि तो मी थोडक्यात सांगते, कारण त्यात पुन्हापुन्हा सांगण्यासारखे फारसे नाही. नवी गाणी जुन्यांसारखी वाटू लागली. त्याच्याच काळातला गायक डेव्हिड बोवी पुढे निघून गेला. दारू आणि कोकेन यांनी बोलनचा चेहरा सुजवला. बिल लेजंड १९७३ च्या अखेरीस गेला, मिकी फिन १९७५ मध्ये, स्टीव्ह करी १९७६ मध्ये. ही माणसे पगारी होती आणि कीर्तीचा वाटा त्यांच्याकडे फारच थोडा आला. बोलन त्यांच्याशी नेहमी न्यायाने वागला असे त्याचे निष्ठावंत चाहतेही म्हणत नाहीत. त्याच्यात कमालीचे आकर्षण होते आणि तेवढीच आत्ममग्नता. दोन्हींची मुळे एकच असावीत.

पण १९७७ हे वर्ष पुन्हा उजेडाचे होते. १९७५ मध्ये ग्लोरिया आणि त्याला मुलगा झाला होता, रोलन. बोलन सावरला, बारीक झाला, नव्या पंक पोरांना त्याने झिडकारले नाही, उलट द डॅम्ड या त्यांच्यातल्या बँडला आपल्या दौऱ्यावर बरोबर घेतले. मँचेस्टरच्या ग्रॅनडा दूरचित्रवाणीने त्याला सहा भागांचा स्वतःचा कार्यक्रम दिला. शेवटचा भाग ७ सप्टेंबरला चित्रित झाला आणि त्यात बोवी पाहुणा होता. अखेरीला दोघे मिळून वाजवू लागतात, बोलन पुढे येतो, त्याचा तोल जातो, तो मंचावरून घसरतो, बोवी हसतो, आणि कार्यक्रम संपतो. नऊ दिवसांनी तो अपघात झाला. हा भाग २८ सप्टेंबरला दाखवला गेला तेव्हा बाई वीस वर्षांच्या होत्या आणि थोरली बहीण लग्न होऊन दुसऱ्या गावी राहत होती. त्या रात्री तिने तिथून फोन केला. दोघी फोन कानाला लावून, न बोलता, आपापल्या घरी तो कार्यक्रम पाहत राहिल्या.

२० सप्टेंबरला गोल्डर्स ग्रीनच्या दाहगृहात अंत्यविधी झाला. पांढऱ्या फुलांचा एक मोठा राजहंस तिथे ठेवला होता. बोवी आला होता, व्हिस्कॉन्टी आला होता, आणि बाहेर शेकडो मुले-मुली उभी होती. मी तिथल्या बागेत एकदा एकटीच जाऊन आले. जागा शांत आहे, गुलाबांची आहे, आणि तिथे मला काही विशेष जाणवले नाही. झाडापाशी जे जाणवते ते वेगळे आहे.

त्या काळातली एक गोष्ट मात्र टाळून पुढे जाता येणार नाही. दुःखात काही चाहत्यांनी निर्दयपणा केला. ग्लोरिया रुग्णालयात असताना लोकांनी तिच्या घरात शिरून वस्तू पळवल्या, आणि कित्येकांनी वर्षानुवर्षे तिलाच अपराधी ठरवले. आपला माणूस गमावलेल्या, मोडलेल्या शरीराने दोन वर्षांच्याही न झालेल्या मुलाला सांभाळणाऱ्या बाईला तो देश सोडून अमेरिकेला जावे लागले. बाई हे सांगताना मान खाली घालतात, जणू त्या स्वतः त्या घरात शिरल्या होत्या. पुढे ग्लोरियाने सिएरा लिओनमध्ये मुलांसाठी बोलनच्या नावाने संगीताची शाळा उभारली, हे त्या आवर्जून सांगतात. चाहत्यांच्या प्रेमाविषयी लिहायचे तर हेही लिहायला हवे, असे मला वाटते.

झाडाची कथा त्यानंतरची आहे. पहिली वीस वर्षे तिथे फक्त झाड होते आणि लोक त्याला फुले बांधीत. विसाव्या स्मृतिदिनी, १९९७ मध्ये, परफॉर्मिंग राइट सोसायटी या संगीतकारांच्या हक्कांसाठीच्या संस्थेने तिथे एक स्मृतिशिला बसवली आणि तिचे अनावरण रोलनने केले, जो तेव्हा बावीस वर्षांचा होणार होता. पण उतार घसरडा होता, माती पावसाने वाहून जाई, आणि झाडाचे वय झाले होते. तेव्हा १९९९ मध्ये काही चाहत्यांनी टी. रेक्स अ‍ॅक्शन ग्रुप स्थापन केला, त्या जागेचा कायमचा भाडेपट्टा मिळवला आणि देखभाल आपल्याकडे घेतली. उतारावर पायऱ्या झाल्या. २००२ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, बोलनचा ब्राँझचा अर्धपुतळा आला.

आणि २००५ मध्ये त्यांनी जे केले त्यासाठी मी हा सारा लेख लिहायला घेतला. त्यांनी त्या पायऱ्यांवर बँडमधल्या दिवंगत साथीदारांच्या नावाच्या पाट्या बसवल्या. स्टीव्ह पेरेग्रिन टुक, १९८० मध्ये वयाच्या एकतिसाव्या वर्षी गेलेला. स्टीव्ह करी, १९८१ मध्ये पोर्तुगालमध्ये, तोही मोटार अपघातातच गेलेला. मिकी फिन, ज्याने उतारवयात पुन्हा बँड बांधून तीच गाणी लोकांना ऐकवली आणि २००३ च्या जानेवारीत जो गेला. डिनो डाइन्स, शेवटच्या काळातला की-बोर्डवादक, २००४ मध्ये गेलेला.

यांपैकी कोणीही त्या झाडापाशी मेले नव्हते. त्या पहाटेशी त्यांचा काही संबंध नव्हता. बहुतेक जण तोवर बँड सोडून गेलेले होते, आणि टुकला तर बाहेर पडून आठ वर्षे झाली होती. अपघाताच्या जागेचे स्मारक म्हणून पाहिले तर ती नावे तिथे असायचे कारण नाही. ज्यांनी ती बसवली त्यांनी त्या जागेचा अर्थच बदलला. आता तिथे एका माणसाचा मृत्यू आठवायचा नसतो, एका बँडचे वाजवणे आठवायचे असते.

मला हे इतके भिडले त्याचे कारण पुण्यातल्या माझ्या लहानपणात आहे. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात थंडीत शाल पांघरून आम्ही बसत असू, तेव्हा गाणे सुरू होण्यापूर्वी निवेदक एकेका साथीदाराचे नाव घेई: तबल्यावर अमुक, संवादिनीवर अमुक, तानपुऱ्यावर अमुक आणि अमुक. माझे बाबा त्या वेळी बोलू देत नसत. आधी नावे ऐक, मग गाणे, असे ते म्हणत. लहानपणी तो मला निव्वळ शिष्टाचार वाटे. बाईंनी ‘गेट इट ऑन’मधून बोलन बाजूला सारून मला करी ऐकवला तेव्हा बाबांचे ते म्हणणे मला पहिल्यांदा कानाने कळले.

२०२० मध्ये अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने टी. रेक्सला स्थान दिले. त्या वर्षी महासाथीमुळे सोहळा दूरचित्रवाणीवरूनच झाला आणि स्वागताचे शब्द रिंगो स्टारने बोलले. बोलनबरोबर स्टीव्ह करी, मिकी फिन आणि बिल लेजंड यांचीही नावे त्या मानात होती. बाईंनी ती बातमी मला वरच्या मजल्यावर येऊन सांगितली, दारातूनच, दोन हातांचे अंतर राखून. लेजंडचे नाव घेताना त्यांचा आवाज चिरकला. टुक त्यात नव्हता. त्या म्हणाल्या, “तो इकडे आहे, आपल्याकडे.”

थोरली बहीण सुरुवातीला झाडापाशी येतच नसे. तिचा बँड १९६९ मध्येच संपला होता, तिला त्या बांधावर काय करायचे? टुकची पाटी बसल्याचे कळल्यावर ती पहिल्यांदा आली आणि मग दर वर्षी येऊ लागली. मी तिला तिथेच भेटले. उंच, मितभाषी, हातात नेहमी एक छोटा ब्रश आणि पाण्याची बाटली. ती पुतळ्याकडे फारशी पाहत नसे. आल्या आल्या गुडघ्यांवर बसून टुकची पाटी स्वच्छ करी, अक्षरांतली माती काढी, मग उरलेल्या तिघांच्याही पाट्या पुसे आणि सगळ्यात शेवटी उभी राहून झाडाला हात लावी. तिथे येणारी बहुतेक माणसे आता साठी-सत्तरीतली आहेत. कोणाच्या डोक्यावर अजून बोलनसारखी उंच टोपी असते, कोणाच्या गालांवर चमकी, आणि सुरकुत्यांमध्ये ती चमकी अधिकच खोल बसते. कोणी गिटार आणते. ‘हॉट लव्ह’ सुरू झाले की त्याचा शेवटचा, शब्दांवाचूनचा भाग संपवायला कोणी तयार नसते. थोरली बहीणसुद्धा त्यात सूर मिसळताना मी पाहिली आहे, अगदी हलक्या, वरच्या पट्टीतल्या आवाजात, मुख्य चालीच्या बाजूने फिरणाऱ्या.

तीन वर्षांपूर्वी ती गेली. तिचा ब्रश बाईंकडे आला.

गेल्या सप्टेंबरमध्ये बाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती आणि पायऱ्या चढायला डॉक्टरांची सक्त मनाई होती. आम्ही टॅक्सीने गेलो. जिप्सी लेनच्या बाजूला मी घडीची खुर्ची उघडून त्यांना बसवले आणि ब्रश, बाटली, जुन्या सुती साडीच्या फडक्याचे दोन तुकडे घेऊन वर चढले. रात्री पाऊस झाला होता. पायऱ्यांवर सिकॅमोरच्या पंखवाल्या बियांचा थर बसला होता, तपकिरी, ओला, अक्षरांच्या खाचांत घट्ट रुतलेला. करीची पाटी आधी लागली. ती झाली, मग डाइन्सची, मग फिनची. वरून गाड्या पुलावरून उतरताना वेग कमी करत होत्या. कोणी एकाने काच खाली करून हात केला.

“टुकची झाली का?” बाईंनी खालून विचारले.

झाली होती. तरी मी परत वळले, फडके पुन्हा ओले केले आणि एकेक अक्षर, बाईंना ऐकू जाईल अशा आवाजात वाचत, त्या पाटीवरून पुन्हा फिरवले.